सात नंबरची बाटली

३ मार्च, मंगळवार

संपली एकदाची प्रॅक्टिकल! तीन दिवस, सहा बॅचेस, आणि माझ्या हातून एकही नळी फुटली नाही. मुलांनी अकरा फोडल्या. त्या माझ्या माथी नाहीत.

पण शेवटच्या तासाला माशी शिंकलीच. बाहेरून आलेले परीक्षक, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून बसणारे, पेपर तपासता तपासता थांबले. दुसऱ्या प्रश्नात मुलांना एकेक पांढरी पावडर मिळते. ती फक्त तापवायची आणि कुठल्या धातूची आहे ते सांगायचं. वीस बाटल्या, वीस नंबर. कुठल्या नंबरात काय, ती यादी बंद पाकिटात. बाटल्या मी भरते, यादी मी लिहिते, खाली विभागप्रमुख सरांची सही. सात नंबरला सोडियम नायट्रेट होतं. आणि सात नंबर ज्यांच्या वाट्याला आली त्या नऊच्या नऊ मुलांनी लिहिलंय — लिथियम!

"नऊ जणांना एकच चूक सुचते? वेगवेगळ्या दिवशी?" परीक्षक म्हणाले. "बाहेर जाऊन सांगितलंय एकमेकांना." नऊ शून्य. वर लाल शाईत शेरा: सामूहिक कॉपी. म्हणजे नुसते मार्क गेले असं नाही, वर्षच गेलं पोरांचं.

सर म्हणाले, "एकोणीस वर्षांत मावशींची यादी कधी चुकलेली नाही." भर लॅबमध्ये! परीक्षकांसमोर! वर असंही म्हणाले की माझी कायम होण्याची फाईल ह्याच महिन्यात पुढे पाठवतो. एकोणीस वर्षं रोजंदारीवर नळ्या धुतेय मी. घरी येताना जमिनीला पाय लागत नव्हते.

४ मार्च, बुधवार

सकाळी टाचणी आली. त्या नऊ जणांतली एक. काडीसारखी बारीक आणि बोलणं टोचरं, म्हणून हे नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. मला वाटलं रडेल. रडली नाही. भांडायलाच आली होती.

"मावशी, धूर तपकिरी होता. मी डोळ्यांनी बघितला. तपकिरी असताना 'धूर नाही' असं लिहू का?"

मी म्हटलं, "हे बघ बाळ, बाटली मी भरलीय."

"आणि नळ्या तुम्ही धुतल्यात ना? मग माझ्या नळीचं बूड बघितलंत का?" एवढं बोलून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं, मला रागवायला कारण मिळालं असतं.

५ मार्च, गुरुवार

धुतलेल्या ढिगात पाच नळ्या वेगळ्या सापडल्या. पाचांच्याही बुडाला दुधासारखा डाग. ब्रश, साबण, सोडा, ॲसिड — सगळं करून झालं. जात नाही! तो डाग काचेवर नाहीच, काचेतच आहे. काच खाल्ली गेलीय.

सोडियम नायट्रेटची नळी अशी होत नाही. एकोणीस वर्षं धुतेय, मला माहीत नाही?

६ मार्च, शुक्रवार

केलं! आज मी स्वतः केलं!

जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी असते. धुरासाठी जे काचेचं कपाट आहे त्याचा पंखा लावला, खोक्यातल्या दोन कोऱ्या नळ्या काढल्या. एकीत गेल्या वर्षीच्या जुन्या बरणीतलं सोडियम नायट्रेट, दुसरीत सात नंबरमधली पावडर. आधी जुनी बरणी तापवली. पावडर वितळली, पाण्यासारखी झाली, बुडबुडे आले. विझती काडी तोंडाशी धरली तर भप्पकन पेटली. ऑक्सिजन. धूर नाही, रंग नाही, सगळं कसं सभ्यपणे. हे सगळं सर दरवर्षी शिकवतात आणि मी दरवर्षी दाराबाहेर पुसायचं फडकं हातात घेऊन ऐकते.

मग सात नंबर. वितळली. बुडबुडे. आणि मग वर चढला तपकिरी धूर! गर्द! नळी काठोकाठ भरली, तोंडातून बाहेर आला, पंख्याने ओढून नेला. मी एकटीच तिथे उभी राहून "आला! आला!" म्हणून ओरडले. शपथेवर सांगते, आधी आनंद झाला, भीती नंतर वाटली. हे फक्त इथेच लिहितेय.

कारण तपकिरी धूर सोडियमचा नसतो, लिथियमचा असतो. म्हणजे पोरांचं बरोबर आणि माझी यादी चूक.

कोठीत जाऊन मोठी बाटली पाहिली. कारखान्याचं छापील लेबल — सोडियम नायट्रेट. फेब्रुवारीत नवीन पेटी आली, सील मीच तोडलं. भरताना पावडर ओलसर होती, गोळे झाले होते, मी काचेच्या कांडीने फोडले आणि म्हटलं, हवा दमट आहे. हवा कसली दमट! लिथियमचं नायट्रेट पाणी ओढतं, हेही दाराबाहेरून ऐकलेलं आहे. हाताला कळलं होतं, डोक्याने ऐकलं नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. नियम असा की परीक्षेआधी प्रत्येक बाटली शिक्षकाने स्वतः तापवून बघायची आणि चाचणीच्या रजिस्टरात तिच्यापुढे सही करायची. सर काय करतात? एका दमात वीस सह्या ठोकतात. दरवर्षी. आणि रजिस्टर त्यांच्यापुढे कोण ठेवतं? मी. चहाच्या कपासोबत.

७ मार्च, शनिवार

ह्यांना सांगितलं. हे शिवणयंत्रावर कुणाच्या तरी पँटची कंबर ढिली करत होते. मान वर न करता सगळं ऐकलं.

"गप्प बसलीस तर?"

"तर काही नाही. मी कायम होईन."

"आणि बोललीस तर?"

"तर ती नऊ जणं पास होतील. आणि माझी फाईल सरांच्या टेबलावर आहे."

यंत्र थांबवलं. दोरा तोडला. "कापताना माझ्याकडून कापड आखूड झालं, तर मी गिऱ्हाइकाला सांगतो का, की तुम्हीच उंच झालात?"

सासूबाई पत्त्यांचा डाव मांडून बसल्या होत्या. एकट्याच खेळतात आणि तरी लबाडी करतात. त्यांना कमी ऐकू येतं, पण नेमकं तेवढंच ऐकू आलं. "कुणाला नापास केलं?" म्हणाल्या. मी मोठ्याने सांगितलं. म्हणाल्या, "मग जा की. इथे काय करतेस?" आज शनिवार, अर्धा दिवस, लॅब बंद झालीय हे त्यांना कोण समजावणार!

९ मार्च, सोमवार

इतका राग मला लग्नानंतर पहिल्यांदा आला.

सरांना सगळं सांगितलं. नीट, शांतपणे, हात बांधून. दुधाळ बुडाची नळी पुढे ठेवली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "शिशाच्या नायट्रेटचा धूरही तपकिरीच असतो. आदल्या बॅचचं काहीतरी नळीत राहिलं असेल. नीट धुतली गेली नसेल."

नीट धुतली गेली नसेल! माझी नळी!

मी म्हटलं, "सर, मी कोरी नळी घेतली होती." म्हणाले, "थांबा, वादच नको." आणि खणातून ती प्लॅटिनमची तार काढली. मखमली डबीत असते, सोन्याच्या अंगठीसारखी. पावडरीत बुडवून बर्नरच्या ज्योतीत धरली. लिथियम असेल तर ज्योत किरमिजी व्हायला हवी. झाली पिवळी. रस्त्यावरच्या दिव्यासारखी पिवळीधमक.

"सोडियम. विषय संपला." मग आवाज खाली आणून, जवळजवळ प्रेमाने, "मावशी, इतकी वर्षं झाली तुम्हाला. फाईलचा विचार करा."

नळी उचलून परत आले. पिवळी ज्योत मीही पाहिली ना.

१० मार्च, मंगळवार

धूर म्हणतो लिथियम. ज्योत म्हणते सोडियम. डोक्याचा पार भुगा झालाय.

शेवटी नव्या मॅडमना विचारलं. वर्षभरापूर्वीच लागल्यात, अजून मुलांना अहोजाहो करतात. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. दार लोटून घेतलं आणि फळ्यावर दोन वर्तुळं काढली — एक लिंबाएवढं, ते लिथियम, एक कलिंगडाएवढं, ते नायट्रेट.

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही. हे सगळे अल्कली धातू एकाच घरचे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, खाली आणखी दोघं. लिथियम सगळ्यांत लहान, पण त्याची पकड सगळ्यांत घट्ट. आणि नायट्रेट म्हणजे एक नायट्रोजन, त्याला तीन ऑक्सिजन लटकलेले, असं मोठं लटांबर. गार असताना लिथियम ते कसंबसं सांभाळतो. तापलं की त्यातला ऑक्सिजन ओढून स्वतःशी घट्ट धरतो, आणि उरलेलं बिचारं लटांबर मोडून तपकिरी धूर होऊन निघून जातं. सोडियम, पोटॅशियम अंगाने मोठे, हाताने सैल. ते ओढाताण करत नाहीत. तेवढ्याच आचेवर फक्त थोडा ऑक्सिजन सोडतात आणि बाकीचं लटांबर जवळ ठेवतात. म्हणून त्यांच्या नळीत रंग नाही.

"आणि काच का खाल्ली?" मी विचारलं.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "हे तर मी मुलांना शिकवलंच नव्हतं," म्हणाल्या. लिथियमने धरलेला तो ऑक्सिजन, म्हणजे त्याचं ऑक्साइड, गरम असताना काचेला चावतं. मी शिकवलं, मॅडमना! म्हणजे शिकवलं नाही, पण विचारलं तर खरं!

मग आम्ही दोघींनी दुपारभर नळ्या तापवल्या. लिथियम कार्बोनेट आणि धुण्याचा सोडा, दोन्हींच्या नळ्यांना रबरी नळी लावून चुन्याच्या निवळीत सोडल्या. कार्बन डायऑक्साइड निघाला की निवळी पांढरी होते. सोड्याची निवळी पहिल्यांदा जराशी गढूळ झाली. मी म्हटलं, "मॅडम, ही बरणी खिडकीशी असते, सोडा दमट हवा पिऊन बसलाय. आधी भाजून घेऊ." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. भाजून घेतला, पुन्हा तापवला. आता निवळी स्वच्छच्या स्वच्छ! कितीही आच द्या, सोडा ढिम्म. आणि लिथियमची निवळी पांढरीफटक. तीच गोष्ट इथेही, मोठं लटांबर त्याच्याच्याने टिकत नाही.

मॅडम म्हणाल्या, लहानाला लहान जोडीदार मिळाला, एकटा ऑक्सिजन, फ्लोरीन किंवा हायड्रोजन, तर मग उलटं होतं. तेव्हा सगळ्या घरात लिथियमचीच गाठ सर्वांत पक्की. मला हे फार आवडलं. मी आमच्या घरात सगळ्यांत बुटकी आहे.

ज्योत पिवळी का झाली, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नाही. तारेला हात लावायची परवानगी त्यांनाही नाही.

१२ मार्च, गुरुवार

प्राचार्य बाईंकडे जाऊन आलो. मी, मॅडम, टाचणी. जिन्यात टाचणी म्हणते कशी, "मावशी, तुम्ही पुढे व्हा." मीच का? पण झाले.

बाईंनी सगळं ऐकलं. एकच प्रश्न विचारला. "यादी चुकली म्हणजे तुम्ही चुकलात. हे तुम्हाला कळतंय ना?"

कळतंय म्हटलं.

सोमवारी बाहेरच्या परीक्षकांना बोलावलंय. सगळ्यांसमोर पुन्हा तापवायचं. नाही जमलं तर नऊ शून्य कायम. आणि मी सरांवर खोटा आळ घेतला असं होणार, म्हणजे माझं तर संपलंच.

१५ मार्च, रविवार

जिवाला चैन नाही म्हणून सकाळपासून धूत सुटलेय. चादरी, पडदे, स्टोव्ह, ह्यांच्या चपला. सासूबाई म्हणाल्या, "आता मलाही धुऊन वाळत घाल."

हसता हसता मनात आलं, घरात काही ठेवलं नाही मी धुवायचं. लॅबमध्येही नाही. मग एकदम — लॅबमधली एक वस्तू मी एकोणीस वर्षांत एकदाही धुतलेली नाही! प्लॅटिनमची तार! महागाची म्हणून सर कुणाच्या हाती देत नाहीत. स्वतः रुमालाला पुसतात आणि डबीत ठेवतात. आणि दर वर्षी पहिल्याच तासाला त्या तारेने मुलांना काय दाखवतात? मिठाची, म्हणजे सोडियमचीच, पिवळी ज्योत!

अग बाई!

१६ मार्च, सोमवार

कुठून सुरुवात करू? अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

अकरा वाजता सगळे लॅबमध्ये. बाई, परीक्षक (आजही रुमाल गळ्याभोवती), सर, मॅडम, आणि भिंतीशी ती नऊ जणं ओळीने उभी. सगळ्यांत टोकाला टाचणी. ओठ घट्ट मिटलेले.

सरांनी आधी बोलायला घेतलं. डबी उघडली, तार काढली, सात नंबरमध्ये बुडवली, ज्योतीत धरली. पिवळी. "पाहिलंत?" परीक्षकांनी मान हलवली. नऊ जणांपैकी एकाने तर डोळेच मिटून घेतले.

मी म्हटलं, "सर, तारेला काहीही न लावता धरता का जरा?"

"कशाला?"

"सहज."

त्यांनी तार रुमालाला पुसली आणि नुसतीच ज्योतीत धरली. पिवळी! तशीच, पिवळीधमक! काहीच लावलं नव्हतं, तरी!

परीक्षक पुढे झुकले, "अहो, तुमची तारच सोडियमची झालीय की," आणि मोठ्याने हसले. सर हसले नाहीत.

मी हात पुढे केला. सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि तार माझ्या हातात ठेवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. केसासारखी हलकी आहे! ॲसिडात बुडवली, ज्योतीत धरली, पिवळी. पुन्हा बुडवली, पिवळी. पुन्हा. पुन्हा. सगळे बघतायत, कुणी खोकतंय, परीक्षक घड्याळ बघतायत. मी मनात म्हटलं, बघा खुशाल घड्याळ, धुण्याच्या कामात मला घाई जमत नाही. आठव्यांदा पिवळा रंग फिका झाला. अकराव्यांदा धरली तर ज्योतीला कळलंसुद्धा नाही की मध्ये काही आलंय. नुसती निळी.

मग सात नंबर.

किरमिजी! लालभडक किरमिजी! अख्ख्या लॅबने बघितलं. पोरं ओरडली, बाईंनी हात वर केला तरी ओरडायची थांबेनात.

सर म्हणाले, "आणि धूर?" तरी विचारलंच. मला ते बरं वाटलं, अर्ध्यावर सोडलं नाही त्यांनी. मी कोऱ्या नळ्यांचं सीलबंद खोकं त्यांच्यापुढे ठेवलं. "तुम्हीच निवडा. तुम्हीच तापवा. मी हातसुद्धा लावत नाही." त्यांनी सील फोडलं, मधली एक नळी काढली, उजेडाकडे धरून आरपार पाहिली. कपाटाचा पंखा लावला. पावडर वितळली. बुडबुडे. आणि आला! भरला, उतू गेला, तपकिरी!

मॅडमनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

परीक्षकांनी त्याच जागी पेन काढलं. पण झाकण उघडण्याआधी विचारलं, "एक सांगा. परीक्षेआधी चाचणी कुणी घेतली होती? रजिस्टरात सह्या आहेत."

मला गप्प बसता आलं असतं. कारखान्याचं लेबल चुकलं म्हणून मोकळी झाले असते. पण तोंडातून निघूनच गेलं, "चाचणी झालीच नव्हती. सह्यांसाठी रजिस्टर मीच नेलं होतं. दरवर्षी मीच नेते. आणि पावडरीचे गोळे झालेले मला भरतानाच दिसले होते."

सरांनी चष्मा काढला. "त्या नुसत्या नेतात," म्हणाले. "सह्या माझ्या आहेत. मी एकही बाटली तापवलेली नाही."

त्या माणसाबद्दल मी ह्या वहीत बरंच वाईटसाईट लिहून ठेवलंय. खोडणार नाही. पण हेही लिहिते, की हे ते स्वतःहून बोलले, कुणी बोलायला लावलं नव्हतं.

लाल शेऱ्यावर आडवी रेघ! नऊ शून्यांवर आडवी रेघ! नऊ जणांना पुरे मार्क! आणि बाटली, मोठी बाटली, सगळ्यांचे जबाब परीक्षा मंडळाकडे पाठवायचं ठरलं.

टाचणी बाहेर पडताना माझ्यासमोर थांबली. म्हटलं आता काहीतरी गोड बोलेल. म्हणाली, "माझ्या नळीचं बूड बघितलंत ना शेवटी!" आणि मग एकदम गळ्यात पडून रडायला लागली. तेव्हा मीही रडले. रडायला दोघींनी उशीरच केला होता.

१७ मार्च, मंगळवार

आज सरांनी तार आणून माझ्या टेबलावर ठेवली. डबीसकट.

धुतली. उगीचच पुन्हा धुतली.

२० मार्च, शुक्रवार

ह्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून झालंय. पँट न्यायला आलेल्या एका गृहस्थांना तर लिथियम कसा हायड्रोजन ओढतो ते टेप लावून दाखवत होते! मी म्हटलं, "अहो, ते हायड्रोजनचं आहे का ऑक्सिजनचं, ते तरी नीट सांगा." म्हणाले, "गिऱ्हाईक खूश आहे ना?"

सासूबाईंनी आज डावात लबाडी केली नाही. माझ्या सन्मानार्थ म्हणे. हरल्या.

३० मार्च, सोमवार

फाईल परत आली. वर शेरा: "चाचणीसंबंधी चौकशी सुरू असल्याने पुढील वर्षी विचार व्हावा."

वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जिन्याखाली पाच मिनिटं बसले. सरांनाही पत्र आलंय म्हणे, त्यांची विभागप्रमुखकी राहते की नाही कोण जाणे. मग तोंडावर पाणी मारलं आणि वर गेले, तर मॅडम वाट बघत होत्या. पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या बाटल्या आत्तापासून तापवून बघायच्या, म्हणाल्या, आणि एकटीला जमणार नाही. वीसच्या वीस तापवल्या. पोटॅशियमची काडी जशी पेटायला हवी तशीच पेटली, लिथियमचा धूर जसा यायला हवा तसाच आला, निवळ्या जिथे स्वच्छ राहायला हव्यात तिथेच स्वच्छ राहिल्या. मी एकेक सांगत गेले, मॅडम लिहीत गेल्या. एकदाही चुकले नाही!

घरी येईपर्यंत फाईलचं विसरूनच गेले होते. ह्यांनी विचारलं तेव्हा आठवलं.

१८ एप्रिल, शनिवार

मंडळाचं पत्र आलं. प्राचार्य बाईंनी मला आत बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली आणि वाचून दाखवलं. तशाच चुकीच्या लेबलाच्या बाटल्या आणखी चाळीस केंद्रांवर गेल्या होत्या. तिथेही मुलांनी तपकिरी धूर पाहिला, लिथियम लिहिलं, आणि शून्य घेऊन घरी गेली. एकाही केंद्रातून कुणी ब्र काढला नव्हता. आमचा कागद पोचल्यावर मंडळाने सगळीकडच्या बाटल्या मागवून तापवल्या. सगळ्यांचे मार्क बदलले. सगळे पास.

सहाशे बारा मुलं! मी इतके दिवस नऊच समजत होते.